एकोणिसावा माणूस

क्लेम टूहीशी माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं, माणूस सोन्यासारखा आहे, फक्त कुणाचं ऐकत नाही. साफ खोटं. त्याला सगळं ऐकू येतं. मैदानाबाहेर ये म्हटलेलं तेवढं ऐकू येत नाही.

वूरिलच्या फुटबॉल संघात तो मिसरूड फुटल्यापासून खेळतोय. चार वेळा अंतिम सामन्यात उतरला, चारही वेळा हरून आला आणि दर वेळी आठवडाभर मेंढ्यांशीसुद्धा बोलला नाही. आता चाळिशी उलटली, गुडघ्याची पार वाट लागली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, हा मोसम शेवटचा. मग त्याने एकच धरून ठेवलं: एकदा तरी जिंकून सामना संपल्याचा भोंगा वाजावा आणि तो वाजताना आपण मैदानात उभं असावं. झोपेतही हेच बडबडायचा.

यंदाच्या अंतिम सामन्यात समोर होतं कॅसलडीन. मोठं गाव, बसायला छपराखाली खुर्च्या, आणि ओळीने पाच वर्षं करंडक त्यांच्याकडेच. आम्ही चौथ्या नंबरावरून रडतखडत वर आलेलो. आमच्यात लोकर कापणारे दोघे, पाद्रीबाबांचे दोन मुलगे, शाळेच्या बसचा ड्रायव्हर आर्ची आणि बाकी सगळे गव्हाचे शेतकरी. कोचचे निरोप आत न्यायलासुद्धा माणूस उरला नव्हता, म्हणून गुलाबी सदरा घालून मीच धावत होते. कोच म्हणजे माझा दीर, बार्नी.

आणि सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या भागात, कुणाच्या स्वप्नातही नसताना, आम्ही दोन गुणांनी पुढे! आमच्या प्रत्येक गोलला कुंपणाभोवती लावलेल्या गाड्या असे हॉर्न वाजवत होत्या की पलीकडच्या शेतातल्या मेंढ्या बिथरल्या.

"वहिनी, क्लेमला बाहेर काढ," बार्नी म्हणाला. "लंगडतोय तो. आर्चीला घालतो आत."

"तो यायचा नाही."

"तुझा नवरा आहे ना?"

"त्याआधीपासून तुझा भाऊ आहे!"

गेले. क्लेम पार पलीकडच्या कुंपणाजवळ होता. गुलाबी सदरा दिसताच त्याने तोंड फिरवलं. मी डावीकडून गेले, तो उजवीकडे सरकला. मी उजवीकडून गेले, त्याला एकदम बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. कुंपणावरून कुणीतरी ओरडलं, "नेरी, घरीपण असाच पळतो का गं?"

"घरी वाढलं की येतो मुकाट्याने!" मीही ओरडले.

तेवढ्यात घोळ झाला. आर्चीला बस चालवायची सवय, वेळेच्या आधी पोचणारा माणूस. क्लेम बाहेर येतोच आहे असं समजून तो आत शिरला आणि थेट मध्यावरच्या घोळक्यात घुसला. आमचे एकोणीस झाले. आमच्याकडच्या फुटबॉलला आत माणसं हवीत अठरा. एक जास्त दिसला की समोरच्या कप्तानाने मोजणी मागायची, आणि मोजणीत खरंच जास्त निघाला की आमचे सगळे गुण पुसले जाणार. दुपारभर मिळवलेलं सगळं, शून्य.

त्यांचा कप्तान ड्यूक हॅलोरन. धंदा विम्याचा, त्यामुळे खात्री केल्याशिवाय शब्द काढायचा नाही. मी पाहिलं, तो जागच्या जागी उभा राहून बोट नाचवत आमची माणसं मोजत होता. मोजून झाली. भुवया वर गेल्या. त्याने परत पहिल्यापासून सुरुवात केली. देव त्याचं भलं करो.

"क्लेम!" मी किंचाळले. "एकोणीस झालेत आपले!"

हे मात्र त्याला पहिल्या हाकेत ऐकू आलं. त्याने घोळक्यातल्या आर्चीकडे पाहिलं, हात वर करून पंचाकडे निघालेल्या ड्यूककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नेरी, किती वेळ राहिलाय गं?"

"थोडासाच. जा ना रे!"

त्याचं तोंड मला बघवलं नाही. इतकी वर्षं मी त्याला बाहेर ये, बाहेर ये म्हणत आले आणि आज तो निघाला तेव्हा मलाच रडू फुटलं. त्या मोडक्या गुडघ्याने तो धावत सुटला. रेषा ओलांडली असती तरी पुरलं असतं, पण अर्धवट काही करायचा त्याचा स्वभाव नाही. सरळ कुंपणावरून उडी मारली आणि पलीकडे उभ्या असलेल्या पिकअपच्या बॉनेटवर धाडकन आपटला. मग शिट्टी वाजली.

आमची माणसं ओळीत उभी राहिली. पंच प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत गेला. सोळा, सतरा, अठरा. पुढे कुणी नाही.

"तो म्हातारा आत होता!" ड्यूक लालबुंद झाला. "आत्ता, या क्षणी आत होता!"

पंच कुंपणापाशी आला. पिकअपला कॅसलडीनचे निळे झेंडे लावलेले, आणि आत होत्या पिगटबाई. ड्यूकची सख्खी मावशी.

"मावशी, सांग ना यांना!" ड्यूक म्हणाला.

पिगटबाई सावकाश खाली उतरल्या. मांडीवर सांडलेला चहा झटकला. "ड्यूक, शिट्टी वाजली तेव्हा हा दांडगा माझ्या बॉनेटवर पडलेला होता. ही चेप बघ. मी काय खोटं बोलू?"

"अगं मावशी, पण त्याच्या आधी..."

"आधीचं आधी मोजायचं होतंस. लहानपणापासून तुझं असंच, जेवायला बसलास की आधी बटाटे मोजायचास."

निळे झेंडेवाले बाईंवर ओरडायला लागले. त्यांनी छत्री उगारली, तसे गप्प झाले.

मोजणी फुकट गेली म्हणून पंचाने आम्हाला एक मोकळा फटका मारायला दिला, तोही गोलाच्या अगदी जवळून. आर्चीने तो मारला आणि नेमका खांबावर घातला. गोल झाला तर सहा गुण, खांबाला लागला की एकच! बार्नीने टोपी जमिनीवर आपटून वर नाच केला. तीन गुणांनी पुढे. मग कॅसलडीनवाले चवताळून आले. आमची पोरं चेंडूवर पडली, एकमेकांवर पडली, पाद्रीबाबांच्या धाकट्याने तर अशा शिव्या दिल्या की बाबांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. आणि भोंगा वाजला.

वूरिल जिंकलं! आणि क्लेम कुंपणाबाहेर होता.

मी पोचले तेव्हा तो बॉनेटवर बसून, तोंड झाकून, हमसून हमसून रडत होता. पिगटबाई त्याच्या पाठीवर दणके घालत होत्या.

"मेल्या, जिंकलात तुम्ही आणि रडतोस तू? रडायचं तर मी!" आणि त्या खरंच रडत होत्या.

"मला परत चढता येत नाही हो," क्लेम म्हणाला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता.

"मग बस मागे. कुंपणं काय, बकऱ्यांनी चढायची असतात."

मी त्याला ढकलून वर चढवलं. पिगटबाईंनी निळे झेंडे फडकवत पिकअप फाटकातून थेट मैदानात घातली, आणि हॉर्नवरचा हात म्हणून काढला नाही. पुढे आमची चिखलाने माखलेली पोरं, मागे मी, ओरडत. काय ओरडत होते ते मलाच ठाऊक नाही. ड्यूकनेच पुढे होऊन क्लेमला हात दिला. "उतर रे म्हाताऱ्या. सावकाश."

क्लेमने एक पाय गवतावर ठेवला, मग दुसरा. सरळ उभा राहिला.

आणि भोंगा पुन्हा वाजला. सामना कधीच संपलेला, तरी लांबलचक, मैदान दणाणून सोडणारा. भोंग्याच्या खोलीत दोन्ही गावांचा एकेक माणूस होता. बटण कुणी दाबलं ते दोघंही अजून कबूल करत नाहीत. क्लेम डोळे मिटून तो थांबेपर्यंत ऐकत राहिला.