देवाच्या वाटणीच्या कळ्या

डाळिंबाच्या परागकणाला एक नळी फुटते आणि ती वाढत वाढत बीजांडापर्यंत जाते. वाढताना लागणारी प्रथिनं कशी बनवायची याचे निरोप त्या नळीत असतात. त्यांना आम्ही एमआरएनए म्हणतो. हे निरोप नळीत नेमके कुठे मुक्काम करतात, त्यावर माझी पीएचडी अडकली होती. प्रयोगशाळेत उसना आणलेला सूक्ष्मदर्शक शनिवारी परत जाणार होता आणि डाळिंबाचा बहारही सरत आला होता.

म्हणून दारी डाळिंब असलेल्या चंद्रव्वा मामीला फोन केला, "ताजी फुलं आण." मामी मंद्रूपहून एसटीनं आली. ओल्या फडक्यात फुलं, वर केळीचं पान.

"सुकू नयेत म्हणून लई पाणी मारलंय बघ," ती कौतुकानं म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. पाणी लागलं की परागकण फुगून फुटतात, वाया जातात. भिंगाखाली पाहिलं तर एकही धड नव्हता. पण जन्मभर हार ओवणारी बाई, फूल दिसलं की पाणी मारणारच. मी नुसतं "राहू दे" म्हणाले, आणि ते तिला जास्त लागलं.

"पाणी नगं हुतं व्हय गं, भुवने?" तिनं पदराची गाठ सोडली. "ह्या घे. कोरड्या हायत."

आत टपोऱ्या मिटलेल्या कळ्या होत्या. तोडणीत पहिला वाटा सिद्धेश्वराचा, आणि त्या वाट्याला घरचं पाणी लावायचं नाही, देवळाच्या तळ्याचंच लावायचं, ही तिच्या माहेरची रीत.

"मामी, अगं देवाच्या आहेत त्या!"

"देव कुटं पळतोय? तू आदी बघ की."

कळ्या कोरड्याच उमलल्या. नळ्या फुटल्या. शुक्रवारी दुपारी मी त्यांतल्या निरोपांना चमकता रंग दिला आणि मामीला पडद्यासमोर बसवलं. ठिपके नळीभर पसरले नव्हते. वाढत्या टोकामागे दाटी करून होते.

"काम चाललंय तितंच जमलेत की," मामी म्हणाली. "लग्नघरात चुलीपाशी बाया जमत्यात तसं."

मला रडूच आलं. तिच्या पाया पडले तर ती अवघडली.

शनिवारी सूक्ष्मदर्शक गेला. रविवारी मामी झाडावर उरलेल्या दोन कळ्या घेऊन आली. मी देवळात जाणाऱ्यातली नाही, तरी तिच्यासोबत गेले. देवाच्या वाटणीचं मी घेतलं होतं. तळ्याच्या पायरीवर तिनं कळ्या माझ्या हातात दिल्या. एका तळहातावर त्या धरून मी दुसरा हात बुडवला आणि त्यांच्यावर पाणी शिंपडलं, भरपूर.