खोऱ्यावरचं झाकण

पहाटे सोडलेल्या हवामानाच्या फुग्याने वरून जे आकडे कळवले, ते वाचून बुआलायच्या तोंडची चवच गेली. उत्तर थायलंडमधल्या त्या खोऱ्यात खाली गारठा आणि डोंगरमाथ्यावर उबदार हवा, म्हणजे पातेल्यावर झाकण. मार्चमध्ये ते दुपारपर्यंत उठत नाही. म्हणूनच मक्याची धाटं दुपारी दोनच्या आत जाळायची नाहीत असा नियम होता, आणि जाळण्याच्या परवान्यावर हवामान कचेरीतून तिची सही लागे.

सहा वाजता तालुक्याचे अधिकारी थवीसाक परवाना घेऊन स्वतःच हजर झाले.

"तीनला प्रांताचे साहेब येतायत. 'धूरमुक्त तालुका' म्हणून ढाल द्यायला. उद्यापासून जाळायला बंदी, आणि दोनला पेटवलं तर धूर साहेबांच्या तोंडावर. म्हणून आत्ताच जाळून मोकळं व्हायचंय."

"साहेब, धूर गावातच कोंडेल. माझ्या आईला आधीच दम लागतो."

"अगं, ऊन चढलं की उडून जाईल सगळं. तूच सांगतेस ना दरवर्षी? का सीमेवरच्या चौकीत बदली हवीये? मग आईला कोण बघणार?"

त्यांच्या अंगाला अत्तराचा भपकारा येत होता. बुआलायने तोंड फिरवलं. तरी तिने सही केली आणि आपल्याच बोटांची तिला शिसारी आली.

तासाभरात डोंगरउतार पेटले. ऊन काही चढलं नाही. धुराने सूर्यच अडवला, जमीन तापली नाही, झाकण जागचं हललं नाही. तीन वाजता थवीसाक आणि त्यांच्या निर्लज्ज माणसांनी हवा मोजायच्या यंत्राभोवती पाण्याचे फवारे उडवून आकडा खाली आणला आणि मांडवात ढाल घेतली. लोकांनी खोकत खोकत टाळ्या वाजवल्या. मग घरोघरी मास्क वाटले गेले, पाकिटावर थवीसाकांचा हसरा फोटो.

बुआलाय घरी आली तेव्हा आई खिडकीच्या फटीत ओली फडकी कोंबत होती. तिची छाती शिट्टीसारखी वाजत होती. ते पाकीट तिने बुद्धाच्या मूर्तीपाशी ठेवलं होतं.

"शेजारीण तोंडाला येईल ते बोलत होती," आई थांबत थांबत म्हणाली. "कुणी जाळलं, कुणी परवानगी दिली म्हणे. मी तिला गप्प केलं. म्हटलं, हा धूर सीमेपलीकडचा असणार. माझी पोर बसलीये कचेरीत. तिच्या सहीशिवाय या खोऱ्यात कुणी काडी ओढत नाही."