मुठीतला आकडा

मित्रांनो, किती वाजले ते मला विचारू नका. ते मला सांगता येत नाही. मी एक जुनं, किल्लीचं स्टॉपवॉच आहे. किती वेळ गेला, एवढंच मला कळतं. माझी काच एका बाजूला तडकली आहे आणि पाठीवर कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावरचा आकडा मी जन्मात विसरणार नाही. का, तेच आज सांगतो.

कारखान्यात भिंग लावून बसलेल्या माणसांनी माझं एकेक चाक जोडलं आणि मी पुण्यातल्या पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत आलो. तिथे आनंदीबाई गणित शिकवायच्या आणि पीटीचा तासही घ्यायच्या. सकाळी मैदानावर मी त्यांच्या मुठीत असे, दुपारी वर्गात त्यांच्या टेबलावर. त्यामुळे पाढे मुलींच्या आधी माझे पाठ झाले. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे आकडे मुलींना फार छळायचे. बाई म्हणत, "एकोण म्हणजे एक कमी. कशाला? पुढे जे नाव येतं त्याला. कान उघडे ठेवले तर चुकायला जागाच नाही."

पंचवीस वर्षं मी एकाही शर्यतीत मध्येच थांबलो नाही. स्पर्धेत पंचांचं एकमेकांशी जमेनासं झालं की शेवटी कोणीतरी विचारायचं, बाईंच्या घड्याळात किती? तेव्हा मला काय अभिमान वाटायचा! मग आकडे लुकलुकणारी बटणाची घड्याळं आली. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शाळेने शाल-श्रीफळाबरोबर मलाही त्यांच्या हवाली केलं. कौतुक म्हणून नव्हे, कपाटात जागा हवी होती म्हणून. पुढची चार वर्षं मी त्यांच्या टेबलाच्या खणात रबरबँड आणि संपलेल्या पेनांच्या सोबतीने काढली. दिवस मोजायचीही सोय नव्हती, कारण मला किल्ली देणारं कोणी नव्हतं.

मला बाहेर काढलं ते वरच्या मजल्यावरच्या स्पृहाने. ती हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिच्याच ऑफिसातला पुष्कर आणि वाशीमहून दुसऱ्या एका कंपनीत नोकरीसाठी आलेला, येरवड्याला खोली घेऊन राहणारा बद्रीनाथ, असे तिघे मित्र. आठवडाभर खुर्चीत बसून आखडलेली ही मंडळी रविवार आला की कुठल्या तरी गमतीच्या शर्यतीत नाव घालायची. कधी सायकल फेरी, कधी टेकडी चढणं, एकदा तर पोत्यात पाय घालून उड्या. बक्षीस कधी मिळालं नाही आणि त्याचं कोणाला वाईटही वाटलं नाही.

त्या वर्षी खडकवासल्याला 'मैत्री दौड' निघाली. धरणाच्या भिंतीपासून डोंगरावरच्या देवळापर्यंत सात किलोमीटर, चौघांची टोळी, आणि चौघांनी हातात हात घालून रेघ ओलांडायची. चौथा भिडू मिळेना म्हणून स्पृहाने बाईंना गळ घातली. बासष्ट वर्षांच्या बाई रोज पर्वती चढत होत्या. त्या म्हणाल्या, येईन, पण मला उचलावं लागेल असं समजून मला चिकटून चालू नका आणि टाळ्या वाजवून प्रोत्साहन देऊ नका. मग त्यांनी खण उघडला आणि मी स्पृहाच्या हातात गेलो.

मित्रांनो, इथवर सगळं गमतीचं होतं. पण बद्रीनाथची एक गोष्ट टोळीत फक्त स्पृहाला माहीत होती. वर्षापूर्वी छातीत कळ येऊन तो आठ दिवस दवाखान्यात होता. तेव्हापासून त्याच्या ऑफिसात त्याला कोणी जिना चढू देईना, खुर्ची उचलू देईना. तिशीतल्या माणसाला ते खुपायचं. त्याला एकदा डोंगर चढून दाखवायचा होता. डॉक्टरांनी हळूहळू चालायची परवानगी दिली, पण बजावलं की पंधरा सेकंदांत नाडीचे ठोके चाळीसच्या आत राहिले पाहिजेत. बद्रीनाथचं काम प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं. चाळीसच्या आत म्हणजे नेमकं किती, हे पक्कं केल्याशिवाय त्याला चैन पडेना. म्हणून स्पृहाला त्याने एवढंच सांगितलं, "एकोणचाळीस. त्याच्या वर गेलो की मला खाली बसवायचं. आणि बाकीच्यांना सांगू नको बाप्पा, ते मला घरी बसवतील."

स्पृहा म्हणाली, "डन." ती इंग्रजी शाळेत शिकलेली. विसरायला नको म्हणून तिने शर्यतीच्या सकाळी बॉलपेनने तळहातावर आकडा लिहिला आणि मला त्याच मुठीत घेतलं. तो आकडा माझ्या पाठीला टेकला होता. चार आणि नऊ. 49.

मी हादरलो. पण मला टिकटिक करण्यापलीकडे काय येतं?

सरावाला ही चूक उघडी पडली नव्हती, कारण टेकडीवर बद्रीनाथची नाडी कधी छत्तीसच्या पुढे गेलीच नव्हती. आज मात्र उभा चढ होता. धरणाच्या भिंतीवर स्पृहाने मला सुरू केलं. दर पंधरा-वीस मिनिटांनी ती बद्रीनाथचं मनगट धरी, माझ्याकडे बघत ठोके मोजी आणि त्याला नुसतं 'आत आहेस' असं सांगी. भिंत संपली तेव्हा तेहेतीस होते, पायथ्याशी अडतीस. पुष्कर पुढे निघून गेला, बाई आपल्या चालीने मागून येत होत्या. पहिल्या वळणावर बेचाळीस भरले.

"आत आहेस," स्पृहा म्हणाली.

तो आत नव्हता, मित्रांनो. त्याला बसवायला हवं होतं. तो मात्र घाम पुसून पुन्हा चढू लागला. त्याचा स्पृहावर विश्वास होता आणि स्पृहाचा हातावरच्या आकड्यावर. आणि तो आकडा मीच झाकून बसलो होतो. मूठ सैल झाली असती, मी निसटून दगडावर आपटलो असतो, तरी चाललं असतं. पण स्पृहा मला फार जपून धरत होती.

देऊळ दिसू लागलं. वरून पुष्कर हात हलवत होता. बद्रीनाथ एका झाडाला टेकला. त्याचे ओठ पांढुरके पडले होते. स्पृहाने मोजलं. सेहेचाळीस.

"किती बाकी आहेत?" त्याने विचारलं.

"तीन."

त्याने एकोणचाळीसमधून तीन वजा केले आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "छत्तीसच? म्हणजे मीच उगाच घाबरून राहिलो," असं पुटपुटून तो निघाला. स्पृहाला वाटलं, तो स्वतःशीच काही बोलतोय. दोघं एकाच शब्दाने निश्चिंत झाले. मला तर तो डोंगर खायला उठला.

त्याच वेळी माझ्या अंगातली शक्ती ओसरू लागली. सराव सुरू झाल्यापासून दर शनिवारी संध्याकाळी बाई मला किल्ली देत. या शनिवारी मी स्पृहाकडे होतो आणि तिला ते सुचलं नव्हतं. माझा काटा जड झाला. पंचवीस वर्षांत जे घडलं नाही ते घडणार, या लाजेने मी चार सेकंद कसेबसे ओढले. देवळापासून दोनशे पावलांवर स्पृहाने पुन्हा मनगट धरलं. वीस, तीस, चाळीस... ती मोजत राहिली, आणि काटा नवावर उभा.

तेवढ्यात बाई येऊन पोहोचल्या.

"काकू, हे बंद पडलं," असं म्हणत स्पृहाने मूठ उघडून मला पुढे केलं.

बाईंनी मला उचललं, किल्ली फिरवायला घेतली आणि त्यांची नजर तिच्या तळहातावर गेली. घामाने शाई पसरली होती, तरी आकडा वाचता येत होता. हे काय, असं त्यांनी विचारलं.

"बद्रीच्या पल्सचं लिमिट. एकोणचाळीस."

"हे फोर्टी-नाईन आहे."

"हो, तेच ना काकू. एकोणचाळीस."

बद्रीनाथने तो तळहात ओढून बघितला आणि आधार शोधत हळूहळू खाली बसला.

बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा चढला नाही. त्या म्हणाल्या, "चाळीसला एक कमी, स्पृहा. थर्टी-नाईन."

त्यांनी त्याच्या शर्टाची बटणं सोडली, खाणाखुणा करून वरच्या पुष्करला देवळापाशी बसलेल्या शर्यतीच्या डॉक्टरांना आणायला पिटाळलं, मला पूर्ण किल्ली दिली आणि मनगट धरलं. बावन्न. स्पृहा रडत होती. मी आयुष्यात इतकं नेटाने कधी चाललो नसेन. पन्नास. पुन्हा बावन्न. डॉक्टर धावत आले, त्यांनी जिभेखाली गोळी ठेवली. सत्तेचाळीस. चव्वेचाळीस. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "अडतीस," आणि पहिल्यांदाच त्यांनी त्याचं मनगट सोडलं.

डॉक्टर स्पृहाला म्हणाले, "आणखी पाच मिनिटं चढवला असता, तर मला धावावं लागलं नसतं."

देवळापाशी कोणीच गेलं नाही. बद्रीनाथला झोळीतून खाली नेलं. चौघांनी हातात हात घालायचा तो झोळीच्या कडेने घातला. वाटेत तो स्पृहाला एवढंच म्हणाला की चूक शोधायचा पगार मला मिळतो, मीच हात उघडून बघायला हवा होता.

माझ्या पाठीवरची पट्टी बाईंनी चिकटवली आहे: ३९, खाली 39. मी त्या दिवशी आपणहून थांबलो, असं स्पृहा सगळ्यांना सांगते. बाई म्हणतात, किल्ली द्यायची राहिली, दुसरं काही नाही. मला स्वतःलाही नीट ठाऊक नाही.

तर मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना वेळच्या वेळी किल्ली द्या, तेल द्या, खणात कुजवू नका. पण ज्याच्या भरवशावर दुसरा पाऊल टाकतो, तो आकडा एकट्याने मुठीत ठेवू नका. त्याला एकदा दाखवा.

आता दर रविवारी निघण्याआधी बद्रीनाथ मला स्वतः किल्ली देतो. मग स्पृहा न विचारताच हात पुढे करते. तळहातावर काही लिहिलेलं नसतं. तो तरीही बघून घेतो.