तीन वाजता सुटणारी इनचार्ज

राखोलीच्या त्या सूत कारखान्यात लॅब इनचार्जची जागा रिकामी झाली आणि लॅबमध्येच काम करणाऱ्या दुर्गानं अर्ज टाकला, तो काही बढतीच्या हौसेनं नव्हे. पुढच्या महिन्यापासून लॅबच्या तीन पाळ्या मोडून बारा-बारा तासांच्या दोन होणार होत्या. त्यातून सुटका एकट्या इनचार्जची. पण इनचार्जनंही सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत बसायचं, असा रिवाज होता, आणि दुर्गाला चार वाजता सिल्वासात पोचायचंच होतं.

तिची गुड्डी जन्मापासून बहिरी. गेल्या वर्षी ऑपरेशन करून कानात यंत्र बसवलं. आवाज आत जाऊ लागला, पण कुठला आवाज कशाचा, हे एकेक करून शिकवावं लागत होतं. त्यासाठी सुलभाताईंचा वर्ग, रोज चार ते पाच, आणि आईनं सोबत बसायचंच. "हीच दोन-तीन वर्षं, दुर्गा," सुलभाताई म्हणाल्या होत्या. "आत्ता बोलायला लागली तर लागली. पुढं फार जड जातं." नवरा गोकुळ प्लास्टिकच्या कारखान्यात आधीच बारा तासांवर. त्याच्यावर काही टाकता येत नव्हतं.

मुलाखत भावेशभाईंच्या केबिनमध्ये झाली. ते प्लांट मॅनेजर, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी.

"काम तुमचं एक नंबर, दुर्गाबेन. बोला, कधीपासून बसता?"

"बसते, पण सात ते तीन. पगार त्या मानानं कमी करा."

भावेशभाई हसले. "आमचे साले लोक मोठी खुर्ची मिळाली की मोठी केबिन मागतात. तुम्ही छुट्टी मागता?"

"छुट्टी नाही मागत, भावेशभाई. वेळ मागते. मुलीचं तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण तीन के बाद जो लॉट येणार, त्याचं काय?"

"नवनाथ आहे. त्याला सगळं येतं."

"येत असेल. माल घेणाऱ्या पार्टीला इनचार्जची सही लागते. माल परत आला तर नवनाथची मान नाही धरत कोणी, माझी धरतात."

ते घड्याळाकडे बघू लागले. दुर्गाला वाटलं, आता उठायला सांगतील. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नवनाथ फोटो पाठवील. मी मोबाइलवर पास करीन."

"तो फिर क्या प्रॉब्लेम है?" भावेशभाईंनी लगेच हात पुढं केला.

सुताच्या दर लॉटमधून एक मोजा विणायचा, रंगवायचा आणि दिव्याच्या पेटीत पक्क्या नमुन्याशेजारी धरायचा. छटा जुळली तर माल ट्रकमध्ये. मोबाइलच्या फोटोत रंग खरा उतरत नाही, हे लॅबमध्ये सगळ्यांना तिनंच शिकवलं होतं. गेल्या वर्षी नवनाथ कंटाळून फोटोवर छटा जुळवायला लागला, तेव्हा तिनं त्याचा मोबाइल काढून दिवसभर कपाटात ठेवला होता.

बातमी ऐकून नवनाथ म्हणाला, "ताई, आता तुमचा मोबाइल कोणत्या कपाटात ठेवू?" तिच्या हाताखालचा, शिरपूरकडचा, तिच्या गावचाच पोरगा. चेष्टाच करत होता. दुर्गाला हसू आलं नाही.

पहिले काही दिवस निभावले. ती जायच्या आधीच सगळे मोजे रंगवून व्हावेत म्हणून नवनाथ जिवाचा आटापिटा करायचा. मग एका मंगळवारी मोजे रंगवायचं मशीन बंद पडलं आणि लॉट लांबला.

सुलभाताईंच्या खोलीत गुड्डी पाठमोरी बसली होती. ओठ दिसू नयेत म्हणून सुलभाताईंनी तोंडासमोर वही धरली होती. दुर्गाच्या मांडीवर मोबाइल थरथरला. फोटोत दोन निळे मोजे. खाली नवनाथ : ताई, गेटवर ट्रक उभा आहे. भावेशभाई इथंच आहेत.

तिनं फोटो मोठा केला. डावा मोजा किंचित लालसर वाटला. काचेचा भास असेल. खिडकीकडे वळून पाहिलं, तर दोन्ही सारखेच.

"दुर्गा! ऐकलंस?" सुलभाताई म्हणाल्या. "'पाणी' म्हणाली. न बघता."

दुर्गानं ऐकलं नव्हतं. गुड्डी मान वळवून आईच्या तोंडाकडे पाहत होती, आणि आईचं तोंड मोबाइलकडे.

"परत म्हण, राणी," दुर्गा म्हणाली. गुड्डी काही परत म्हणेना.

दुर्गानं लिहिलं : पास नाही. सकाळी दिव्याखाली बघते. मोबाइल बॅगेत टाकला, बॅग कोपऱ्यात ठेवली.

पाचेक मिनिटांत बॅग वाजू लागली. गुड्डीनं कान टवकारले, कोपऱ्याकडे बोट केलं. "आई. फो."

"अगं, दोन शब्द जोडले तिनं!" सुलभाताईंचा आवाज चढला. "उचल, उचल. आवाज ओळखला की तो कशाचा हे दाखवायचं, नाहीतर पुढच्या वेळी लक्ष देत नाहीत मुलं."

कोणाचा फोन, हे बघायची गरज नव्हती. दुर्गानं उचलला.

"बोला, भावेशभाई."

"ट्रक रिकामा परत गेला. अपनी क्या बात हुई थी?"

"फोटोवर होईल म्हणाले, ते चुकलं माझं. फोटोवर छटा कळत नाही."

"कळत नाही तर खुर्चीवर बसा. उद्यापासून सातपर्यंत. नसेल जमत तर शिफ्टमध्ये जा, बारा तास." मग ते म्हणाले, "मी पण नोकरीच करतो, बेन."

"भावेशभाई, एक ऐका..."

फोन कट झाला होता.

गुड्डी जवळ येऊन उभी राहिली होती, एक हात आईच्या गुडघ्यावर, नजर मोबाइलवर. सुलभाताईंना पलीकडचं काही ऐकू गेलं नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "थांबू नकोस. बोलत राहा, ऐकतेय ती."

दुर्गानं बंद फोन कानाशी धरून ठेवला.

"हो," ती म्हणाली. "हो, भाई. निळा मोजा. हो ना, निळाच. येते मी. उद्या येते."