x च्या जागी

वरच्या वर्गाचं गणित मिळालं तर धाकटीचा फायदा चांगला घसघशीत होता: माडीवरची शांत खोली, धड फळा, आणि पाढ्यांऐवजी संच. अकरा वर्षं ती खाली पाढेच घोकून घेत होती. म्हणून शिक्षकखोलीत ताईने कागद पुढे सरकवताच तिने लाल पेन उघडलं.

शाळेत गणिताच्या बाई दोनच, आणि दोघी सख्ख्या बहिणी. ताई विभागप्रमुख.

“वरच्या वर्गाला कुणी शिकवायचं, त्याचा नियम आहे. मुख्याध्यापकांना सगळं संचात लागतं, माहितीये ना? चिन्हं तेवढी बघ.”

“सरळ नावांची यादी दे की.”

“नावं लिहिली की तोंडं वाकडी होतात गं. गुणधर्म लिहावा, कुणाला बोचत नाही.”

कागदावर होतं: व = (x | x ही येथे सलग दहा वर्षे गणित शिकवणारी शिक्षिका आहे). खाली उदाहरण: ताई ⊂ व.

“ताई, संचाला गोल कंस? आणि तू घटक आहेस, उपसंच कुठली! पोरं हसतील.”

“वय झालं बाई.”

धाकटीने टपोरे महिरपी कंस काढले, ⊂ खोडून ∈ केलं, कोपऱ्यात ‘तपासले, बरोबर’ लिहून झोकात सही ठोकली. मग सवयीने पडताळा घ्यायला बसली. x च्या जागी ताई ठेवली, बसली. x च्या जागी स्वतःला ठेवलं, आणि पेन ‘सलग’वर थांबलं.

चार वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा ताईच म्हणाली होती, “तू घे वर्षभर रजा. तुझ्या पाढ्यांना काय धाड भरलीय?”

“ताई, यात मी नाही.”

ताईने कागद हळूच ओढून घेतला, घडी घातली. “तुझं नाव कुठं कापलंय मी?”

घंटा झाली. धाकटी उठली, पेनाला टोपण लावलं. दारात तिला आठवलं: लहानपणी हात धरून महिरपी कंस गिरवून घेतला होता तो ताईनेच. “संचाला महिरप, विसरायचं नाही.”

ती खाली पाढ्यांच्या वर्गाकडे वळली. आईची सेवा दोघींच्या नावावर, माडीवरची खोली एकीच्या. वर्ष तेवढं धाकटीचं गेलं. आणि ते बरोबर असल्याची सहीही तिचीच.