डाव्या मनगटाची ऊब

मित्रांनो, मी एक जुना लोकरी हातमोजा आहे. निळा, बोटं नसलेला, मनगटापासून तळव्यापर्यंत येणारा. आणि डाव्या हाताचा. हे शेवटचं मुद्दाम सांगतो, कारण माझं सगळं दुखणं तिथंच आहे.

मी राहतो आंबोलीला, ईडाबाईच्या घरी. घाटाखाली मालवणात लोक पंखा लावून बसतात, तेव्हा आमच्याकडे सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. ईडाबाई क्रोशाची लेस विणते. आता क्रोशाचं काम असं, की बोटं उघडीच हवीत. झाकली तर दोरा कळत नाही आणि उघडी ठेवली तर थंडीनं आखडतात. ईडाबाई म्हणायची, "मनगट गरम, तर बोटां गरम." म्हणून आमचा जन्म झाला.

तिचा नवरा सांतान तेव्हा बोटीवर कामाला असायचा. त्याचा एक निळा स्वेटर ट्रंकेत पडला होता आणि कसरीनं त्याची पार चाळण केली होती. ईडाबाईनं तो उसवला, धड लोकर तेवढी वेगळी काढली आणि विणायला बसली. आधी उजवा विणला. ऐसपैस, चांगला कोपराच्या दिशेनं चढणारा. मग उरल्यासुरल्या लोकरीतून मी. शेवटी लोकर संपली आणि मी दोन ओळींनी तोकडा राहिलो.

दोन ओळी म्हणजे काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण जुळ्या भावांना जेवायला वाढावं आणि एकाच्याच ताटात दोन घास कमी पडावेत, तसं ते होतं. मी जन्मलो तो उपाशीच. त्या दिवसापासून माझा डोळा उजव्यावर.

आणि कौतुक तरी कुणाचं व्हायचं? उजव्याचंच! उजव्या हातात सुई. ती सपासप चालायची, टाक्यांचे खांब उभे राहायचे, साखळ्या पडायच्या. शेजारणी बघत राहायच्या आणि म्हणायच्या, "ईडाबाय, उजव्या हातात काय जादू आसा गो तुझ्या!" डावा हात बापडा काय करायचा? लेस चिमटीत धरायचा आणि बोटावरून दोरा सोडत राहायचा. दोरा सोडणाऱ्याला कोण विचारतं! उजवा फाटला तर ईडाबाई त्याला जुळत्या रंगाच्या दोऱ्यानं रफू करायची. मी फाटलो तेव्हा हाताशी तपकिरी दोरा होता, तोच लावला. मी चारचौघांत ते ठिगळ मिरवत फिरलो आणि मनातल्या मनात जळत राहिलो.

उजवा मात्र स्वभावानं साधा. टोपलीत आम्ही शेजारी पडायचो तेव्हा तो आपणहून बोलायचा. मी तोंड फिरवायचो.

मग ते वर्ष आलं. सांतान शेवटच्या बोटीवर गेला होता, तेव्हा ईडाबाईनं नवस बोलला होता. तो सुखरूप घरी आला, तर आठ डिसेंबरच्या सणाला, आमच्या फेस्ताला, वाडीतल्या कपेलात, म्हणजे आमच्या छोट्या ख्रिस्ती देवळात, वेदीच्या चादरीला आपल्या हातची लेस लावीन. सांतान आला. नुसता आला नाही, चांगला पोट सुटून आला. आता नवस फेडायचा होता.

वेदीची लेस ईडाबाई टेपनं मोजत नाही. तिच्या आईनं शिकवलं होतं की देवाच्या कामाला कपड्याची मापं लावू नयेत. ती जपमाळ मांडीवर घेऊन बसते. एक शिंपला विणून झाला, की एक प्रार्थना आणि एक मणी पुढं. शिंपला म्हणजे लेसीतलं एक नक्षीचं पान. असे दीडशे मणी झाले, की बरोबर चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लेस. तिच्या आईचं कधी चुकलं नव्हतं, तिचंही नाही.

लेस नुकती सुरू झाली होती तेव्हा तिची लेक वेनेसा सुट्टीला आली. ती मालवणला शाळेत शिकवते. तिथं स्वेटर घडी करून ठेवायलाच असतो. आईची बोटं बघून तिला वाईट वाटलं आणि पुढच्या खेपेला, चाळीस शिंपले झाले होते तेव्हा, तिनं एक नवंच प्रकरण आणलं. राखाडी रंगाचा, मऊ, चार्ज करून आपोआप गरम होणारा मनगटपट्टा. एकच.

"एकच कित्याक?" ईडाबाईनं विचारलं.

"माय, जो हात काम करता तेका ऊब व्हयी. दुसरो नुसतो धरून बसता."

नुसता धरून बसतो! मित्रांनो, माझ्या अंगाची लाही झाली. पण दुसऱ्याच क्षणी काय झालं? ईडाबाईनं उजव्याला काढून टोपलीत टाकलं आणि त्याच्या जागी तो पट्टा बांधला. एकटा मी विचित्र दिसायला लागलो, म्हणून मलाही काढलं. आणि खरं सांगतो, लपवत नाही, मला उकळ्या फुटल्या. आयुष्यात पहिल्यांदा उजवा माझ्या बरोबरीला आला होता. मी त्याला म्हणालो, "काय राजे, उतरलात गादीवरून?"

तो रागावला नाही. टोपलीच्या कडेवरून बाहेर बघत होता. म्हणाला, "डावा हात उघडाच आहे रे. बघतोयस ना? गारठेल तो."

"गारठू दे," मी म्हणालो. "नुसता तर धरून बसतो."

पुढं माझे हाल कुत्रा खाईना. चुलीवरची किटली उतरवायला ईडाबाईला काहीतरी हवं होतं, तिनं टोपलीत हात घातला तो नेमका मी लागलो. दोन दिवसांत माझा तळवा करपला आणि रुपयाएवढं भोक पडलं. उजवा टोपलीत धडधाकट. इथंही नशीब त्याचंच, म्हणून मी आणखी जळलो.

फेस्ताला बारा दिवस उरले तेव्हा दीडशेवा मणी सरकला. ईडाबाईनं कपाळापासून छातीपर्यंत बोटांनी क्रूस काढला, चादर पलंगावर पसरली आणि लेस कडेला लावत गेली. लेस संपली आणि चादर उरली. चांगली वीतभर.

तिनं पुन्हा लावली. पुन्हा वीतभर. शिवाय लेस मधूनच मुडपत होती. तिनं जपमाळ पुन्हा हातात घेतली.

"दीडशे मोजलंय मी," ती म्हणाली. "एक मण्याक एक शिंपलो. माझी मोजणी चुकाची नाय."

"दोरो आटलो आसतलो," सांतान म्हणाला. मग जरा दबकत, "नायतर चष्मो बदलूक झालो."

ईडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्म्याचं तिला काही नव्हतं. "नवस तुझ्यासाठी बोललंय," ती म्हणाली. "प्रार्थना करताना माझा मन खंय तरी गेला. देवाक ती पावली नाय. दुसरा काय?" आणि ती लेस घडी करून ट्रंकेत ठेवायला निघाली. यंदा साधीच चादर घालतील, असं म्हणाली.

तेवढ्यात दूध घेऊन सुगंधा आली. सुगंधा शेजारची, भातशेती आणि दोन म्हशी असलेली. ईडाबाईला रडताना बघून तिनं दुधाची कासंडी खाली ठेवली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. आणि दचकली.

"गे ईडाबाय! ह्यो हात गरम आणि ह्यो बरफासारखो? असो हात लावलंय तर माझी म्हस दूध चोरता."

"तो डावो गो. तो नुसतो धरता."

"थंड हात घट्टच धरता," सुगंधा म्हणाली. "सोडूक विसारता."

ईडाबाईनं आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. मग तिनं लेस पुन्हा काढली. आमच्या दिवसांतले दहा शिंपले आणि पट्ट्याच्या दिवसांतले दहा शिंपले एकमेकांवर ठेवले. नवे बोटभर कमी भरले. डावा हात गारठला होता, दोरा सैल सोडत नव्हता, उजवी सुई आपली तो आवळत चालली होती. मोजणी बरोबर होती, प्रार्थना बरोबर होती. चुकली होती ती ऊब.

त्या क्षणी मी टोपलीत किती फुगलो असेन! इतकी वर्षं लेस सैल, सुबक पडत होती ती माझ्यामुळे! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

ईडाबाईनं एकशे दहा शिंपले उसवले. मग मला उचललं, आणि माझ्या तळव्यातल्या भोकातून तिला स्वतःचीच बोटं दिसली. "अरे देवा, ह्या माझाच पाप," ती म्हणाली. तिनं उजव्याला डाव्या हातात चढवून पाहिलं. त्याचं अंगठ्याचं भोक भलतीकडे आलं, लोकर तळव्यात गोळा झाली, दोरा अडकायला लागला. आंबोलीच्या रस्त्यावर चहा मिळतो, कणीस मिळतं, लोकर मिळत नाही. ती थोडा वेळ आम्हा दोघांना मांडीवर घेऊन बसली. मग तिनं कात्री घेतली आणि उजव्याच्या काठाचा धागा कापला.

मी बघत होतो. तो ओळीओळीनं उसवत गेला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण इतक्या वर्षांत बोलायची सवयच ठेवली नव्हती. शेवटी तोच म्हणाला, "तुझ्या दोन ओळी पहिल्यापासून माझ्याकडेच होत्या रे. घे."

त्यानंतर तो बोलला नाही.

ईडाबाईनं त्याच्या लोकरीनं माझा तळवा नव्यानं विणला. मग माझा काठ बघितला आणि वर दोन ओळी वाढवल्या. ज्यांच्यासाठी मी जन्मभर कुढलो, त्या दोन ओळी मला अर्ध्या तासात मिळाल्या.

पुढचे अकरा दिवस उजव्या हातात पट्टा आणि डाव्या हातात मी. दोरा सैल सुटत राहिला. फेस्ताच्या आदल्या दिवशी दीडशेवा शिंपला चादरीच्या टोकाला बरोबर टेकला. कपेलात लेस बघून बायका नेहमीसारखं म्हणाल्या, "ईडाबाय, उजव्या हातात जादू गो!" तेव्हा ईडाबाईनं डावा हात वर केला. थंडी होती, म्हणून मी हातातच होतो. "ह्या हातान केला," ती म्हणाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, याच क्षणाची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. आणि माझी पहिली नजर शेजारी गेली, त्याचं तोंड कसं झालंय ते बघायला. शेजारी राखाडी पट्टा होता.

उजव्याची उरलेली लोकर लिंबाएवढी आहे. ईडाबाईनं ती टोपलीत माझ्याजवळ ठेवली आहे. मी तिच्याशी बोलतो. उत्तर येत नाही.

तर एवढंच मागणं आहे. जोडीतली एक वस्तू मिरवत असली, तरी दुसरीलाही तेवढीच जपा. मोजा असो, चप्पल असो, नाहीतर हात. आणि तुमच्यापैकी कुणाला भावाबहिणीचा हेवा वाटत असेल, तर खुशाल वाटू द्या, मला नका लाजू. पण अधूनमधून त्याला एकदा विचारा, तुला थंडी वाजतेय का रे? माझ्या भावानं माझ्या हाताबद्दल विचारलं होतं. मी त्याला कधीच विचारलं नाही.