शेंडा

बाबांचा कॅन्सर हाडात उतरला होता. मागच्या अंगणात आपोआप उगवलेल्या गांजाच्या झाडाची पानं उकळून आई त्यांना द्यायची, तेवढीच त्यांना झोप. टीव्हीवर शहाणी माणसं गांजाला परवानगी द्यावी का म्हणून भांडत होती. वकिली शिकणारा माझा भाऊ रजत म्हणाला, "आई, कायद्यात पान चालते, शेंडा नाई."

आईनं ते मनावर घेतलं. हरभऱ्याचे खुडतात तसे ती रोज शेंडे खुडू लागली. आणि खुडलेला हरभरा फुटतो तसंच ते झाडही फुटलं, पसरून कुंपणाबाहेर आलं, अख्ख्या अल्लीपूरला दिसलं.

पोलीस आले.

"एकबी शेंडा ठेवला नाई साहेब," आई म्हणाली. "पान तं चालते ना?"

"पान चालते बाई. झाड चालत नाई."

"मंग पान काय आभाळातून पडते?" मी ओरडले.

साहेबांनी झाड मुळासकट उपटून नेलं. आईला नेलं नाही, हे आमच्यावर उपकार.

आता आई त्याच पातेल्यात तुळस उकळते. बाबांना चव कळते. तरी ते सगळं पितात, आणि आमच्यासाठी झोपल्याचं सोंग करतात.